लहान केकचे साचे व त्यांची पारख

शेतात पिकलेला माल जसाच्या तसा बाजारात नेण्यापेक्षा त्याचा काही पदार्थ करून विकल्यास दोन पैसे अधिक पदरात पडतात, हे तत्त्व आता कोणास नव्याने सांगावयास नको. अडचण येते ती तत्त्वात नव्हे, तपशिलात. पदार्थ चांगला, कृती ठाऊक, गिऱ्हाईक दाराशी. आणि तरीही एक खेप करपते, दुसरी कच्ची राहते, तिसरी साच्यालाच चिकटून बसते. अशा वेळी दोष बहुधा पिठास किंवा भट्टीस दिला जातो. साच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात त्या साच्याचाच विचार करावयाचा आहे.

बुटीबोरीचे उदाहरण घेऊ. नागपूरच्या दक्षिणेस, वर्ध्याकडे जाणाऱ्या सडकेवर व लोहमार्गावर हे गाव आहे. एका अंगास काळ्या जमिनीत कपाशी, तूर व सोयाबीन उभे असते. दुसऱ्या अंगास विस्तीर्ण औद्योगिक वसाहत असून तेथे पाळीपाळीने कामगारांची ये-जा चालू असते. चहाबरोबर खाण्याजोगा, हातात मावणारा व नगावर विकता येणारा भाजलेला जिन्नस अशा ठिकाणी खपण्यास हरकत नसावी. मफिन या नावाने ओळखला जाणारा लहान केक या कामी फार सोयीचा आहे. तो कापावा लागत नाही, तोलावा लागत नाही, आणि त्यात ज्वारीचे पीठ व संत्र्याचा रस ही दोन्ही चालतात. नागपुरी संत्र्यास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. या दोन्ही गोष्टींनी मालाचे नाव झाले खरे; पण आकाराने लहान म्हणून बाजूस काढलेल्या संत्र्याचे व घरात उरलेल्या ज्वारीचे मोल वाढवावयाचे, तर ते घरच्या स्वयंपाकघरातच वाढवावे लागेल.

भांडे उष्णता कशी देते

भाजण्याच्या भांड्याचे महत्त्व आपल्याकडे अपरिचित आहे असे मुळीच नाही. नागपूरकडील लांबरोटी घ्या. मातीचे मडके चुलीवर पालथे घालून, त्याच्या तापलेल्या पाठीवर हातावर ताणलेली सैल कणकेची पोळी टाकतात. तीच पोळी लोखंडी तव्यावर टाकली, तर ती लांबरोटी राहात नाही. माती उष्णता सावकाश घेते व सावकाश देते. यामुळे ती पातळ पोळी न करपता भाजून निघते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या रोडग्याची गोष्ट वेगळी; तेथे भांडेच नाही, म्हणून बाहेरचे कवच जाड होते व आतला भाग मऊ राहतो. पळसाच्या पानांत गुंडाळून भाजलेल्या पानग्यास पान हाच साचा असतो. तात्पर्य, पीठ एकच असले तरी त्याभोवती काय आहे, यावर पदार्थ ठरतो. आपल्या आज्या-पणज्यांस ही गोष्ट पूर्ण ठाऊक होती. मफिनच्या साच्यास तोच नियम लावावयाचा, इतकेच.

बंद भट्टीत उष्णता तीन मार्गांनी वाटीतल्या मिश्रणापर्यंत पोचते. तापलेली हवा साच्यास स्पर्श करते, हा पहिला मार्ग. भट्टीच्या भिंती व विजेची तार यांपासून निघणारे उष्णतेचे किरण साच्यावर पडतात, हा दुसरा. साच्याच्या धातूतून उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहते, हा तिसरा. यांपैकी किरणांचा परिणाम साच्याच्या रंगावर अवलंबून असतो. चकचकीत पत्रा किरण परतवून लावतो; काळा पत्रा ते शोषून घेतो. उन्हाळ्यात काळे कापड अंगावर का नकोसे होते, हे ज्यास समजते त्यास काळ्या साच्यात केकचा तळ लवकर का करपतो, हेही समजेल.

धातू व रंग

अनेक वाट्यांचा एकत्र साचा ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बोस्टन येथील नॅथॅनियल वॉटरमन याने १८५९ साली अशा ओतीव बिडाच्या साच्याचे पेटंट घेतले. आपल्याकडील अप्पेपात्र हे त्याच जातीचे भांडे होय. फरक एवढाच की ते चुलीवर ठेवावयाचे असते व हा साचा भट्टीत. पुढे १८८६ साली अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांस ठाऊक नसता, विजेच्या साह्याने ॲल्युमिनियम काढण्याची रीत शोधली. तेव्हापासून हा धातू स्वस्त होत गेला व घरोघर पोचला. १९३८ साली प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञास टेफ्लॉन सापडले, आणि न चिकटणाऱ्या भांड्यांचा जन्म त्यातून झाला. आज बाजारात हे सर्व प्रकार एकाच दुकानात शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. म्हणून त्यांचे गुणदोष एकेक करून पाहू.

फिक्या रंगाचे ॲल्युमिनियम हे नवशिक्यास सर्वांत निर्धोक. लोखंडाच्या सुमारे तिप्पट वेगाने ते उष्णता वाहून नेते. यामुळे साच्याच्या सर्व वाट्या जवळजवळ सारख्या तापतात. रंग फिका असल्याने तळ एकदम करपत नाही. मात्र पत्रा पातळ नसावा. पातळ साचा भट्टीत मुरडतो आणि मिश्रण एका बाजूस कलते. दुसरी सावधगिरी अशी की, संत्र्याचा रस व दही ही दोन्ही आंबट असल्याने, कोऱ्या ॲल्युमिनियममध्ये त्यांचे मिश्रण तासन्‌तास भिजत ठेवू नये. भरल्याबरोबर भट्टीत घालावे आणि भाजल्यावर लवकर काढून घ्यावे, म्हणजे हरकत नाही.

काळा, न चिकटणाऱ्या लेपाचा साचा दुकानात सर्वांत आकर्षक दिसतो. केक त्यातून सहज सुटतो, हा त्याचा खरा गुण. परंतु तो उष्णता अधिक शोषतो. म्हणून कृतीत दिलेल्या उष्णतेपेक्षा १० ते १५ अंश सेल्सिअस कमी ठेवावी व नेमलेल्या वेळेच्या तीन-चार मिनिटे आधीच पाहावे. मिश्रणात गूळ असेल तर ही दक्षता दुप्पट घ्यावी. कारण गूळ स्वतःच लवकर काळवंडतो. लोखंडी चमचा किंवा काथ्या या लेपास लावू नये. तसेच २६० अंशांच्या वर हा लेप बिघडू लागतो. ज्या घरी भट्टी नसून चुलीवरील पातेल्यात वाळू घालून केक भाजतात, तेथे आच मोजण्याचे साधन नसते. अशा ठिकाणी लेपाचा साचा न वापरणे हेच बरे.

कथिलाचा मुलामा दिलेला पत्र्याचा साचा स्वस्त पडतो. कथील २३२ अंशांसच वितळते, म्हणून असा साचा रिकामा असता आचेवर धरू नये. मुलामा गेला की आतले लोखंड उघडे पडते, आणि आंबट मिश्रणाने त्यावर गंज धरतो. धुतल्याबरोबर पुसून, भट्टी कोमट असतानाच तीत ठेवून वाळविल्यास तो पुष्कळ दिवस टिकतो.

बिडाचा साचा जड असतो. तो सावकाश तापतो, पण तापल्यावर उष्णता फार वेळ धरून ठेवतो. त्यास तेल लावून आधी भट्टीत चांगले तापवावे आणि मग मिश्रण घालावे. अप्पेपात्रात पीठ घालताच जो चुरचुर आवाज येतो, तोच येथेही यावयास हवा. असा केक बाहेरून खुसखुशीत होतो. मात्र भट्टीतून काढल्यावरही बीड भाजतच राहते. म्हणून केक दोन-तीन मिनिटांत साच्याबाहेर काढावा. वीज अधूनमधून जाते अशा गावी बिडाचा एक फायदा आहे. वीज गेली तरी, भट्टीचे दार न उघडल्यास, साठलेल्या उष्णतेवर काही काळ भाजणे चालू राहते.

सिलिकोनचा साचा रबरासारखा वाकतो. केक त्यातून उलटा दाबून काढता येतो व आंबटाने त्याचे काही बिघडत नाही. परंतु ॲल्युमिनियमच्या मानाने त्यातून उष्णता हजारपटीने कमी वाहते. परिणामी वरचा भाग झाला तरी बाजू पांढुरक्या राहतात, व चार-पाच मिनिटे अधिक द्यावी लागतात. तो नेहमी एखाद्या पत्र्यावर ठेवूनच उचलावा; नाहीतर मधेच वाकून मिश्रण सांडते. उघड्या ज्वाळेजवळ तो कधीही नेऊ नये.

राहिल्या घरच्या स्टीलच्या वाट्या. स्टील हे उष्णतेचे मंद वाहक आहे. ॲल्युमिनियमच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याने ते उष्णता नेते. पण वाटीचा पत्रा पातळ असल्याने व प्रत्येक वाटी सुटी असून तिच्याभोवती हवा खेळत असल्याने काम भागते. सारख्या मापाच्या सहा वाट्या, त्यांस तेलाचा हात, आणि खाली एक ताटली, एवढ्यावर पहिला प्रयोग करता येतो. ज्या भगिनीने अद्याप एकही केक विकलेला नाही, तिने साच्यावर पैसा घालण्यापूर्वी घरच्या वाट्यांत दहा-बारा खेपा काढून पाहाव्यात, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

कागदी वाट्यांविषयी दोन शब्द. विक्रीच्या मालास त्या सोयीच्या आहेत. हात लागत नाही, साचा कमी धुवावा लागतो. कागदामुळे उष्णता किंचित अडते व कडा थोड्या फिक्या राहतात, एवढेच. काळ्या साच्यात तर हा गुणच समजावा. मात्र भाजण्याकरिता केलेला कागदच वापरावा. वर्तमानपत्राचा छापील कागद खाली घालणे किंवा त्यात केक बांधून देणे सर्वथा वर्ज्य आहे; शाई अन्नात उतरते व ती प्रकृतीस अपायकारक असते.

वाटीचा आकार व वेळ

बाजारात मुख्यत्वे तीन मापांच्या वाट्या मिळतात. मधल्या मापाची वाटी वरच्या तोंडास सुमारे ७ सेंटिमीटर रुंद असून तीत काठोकाठ १०० मिलिलिटरच्या आसपास पाणी मावते. लहान वाटी पावणेपाच ते पाच सेंटिमीटर रुंद असते व तीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके मावते. मोठ्या वाटीत मधल्या वाटीच्या दुपटीहून अधिक मावते. दुकानात उभे असताना वाटीत पाणी भरून ते मोजता येत नसेल, तर निदान रुंदी व खोली पट्टीने मोजावी. खोक्यावरील लहान-मोठा या शब्दांवर विसंबू नये.

एकाच मिश्रणाचे सुमारे ७०० ग्रॅम घेतले, तर त्यातून मधल्या मापाचे १२, लहान मापाचे ३६ किंवा मोठ्या मापाचे ६ केक होतात. १८० ते १९० अंश उष्णतेवर लहानास १० ते १२ मिनिटे, मधल्यास १८ ते २२ व मोठ्यास २६ ते ३० मिनिटे लागतात. वेळ आकाराच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. उष्णतेस बाहेरून मध्यापर्यंत जावयाचे असते. हे अंतर जेवढे अधिक, तेवढा बाहेरचा भाग आतल्याची वाट पाहत अधिक काळ तापतो. म्हणून मोठ्या वाटीस उष्णता १० अंश कमी व वेळ अधिक द्यावा. लहान केकास वजनाच्या मानाने कवच फार असते. तो खुसखुशीत लागतो, पण लवकर सुकतो. सकाळी भाजून सायंकाळच्या पाळीपर्यंत विकावयाचा माल मधल्या मापाचा असावा. लहान माप समारंभास, त्याच घटकेस वाढण्यास योग्य.

मिश्रण व भरणी

मधल्या मापाच्या १२ वाट्यांकरिता पुढील प्रमाण धरावे. ज्वारीचे पीठ १२५ ग्रॅम, कणीक १२५ ग्रॅम, साखर किंवा बारीक चिरलेला गूळ १३० ग्रॅम, दही १२५ ग्रॅम, संत्र्याचा गाळलेला रस १२५ मिलिलिटर, तेल ८० मिलिलिटर, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ व एका संत्र्याच्या सालीचा वरवरचा केशरी कीस. सालीचा पांढरा भाग कडू असतो, तो येऊ देऊ नये. ज्वारीत गव्हाप्रमाणे चिकाचा अंश नसतो. निव्वळ ज्वारीचा केक फुटतो व भुरभुरतो, म्हणून निम्मी कणीक घातली आहे. कोरडे जिन्नस एकत्र चाळावेत, ओले जिन्नस निराळे फेटावेत, आणि दोन्ही एकत्र केल्यावर कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच ढवळावे.

दही व रस यांचा आंबटपणा सोड्यास मिळताच वायू सुटू लागतो, व याच वायूने केक फुगतो. तेव्हा चार खेपांचे मिश्रण एकदम भिजवून ठेवणे म्हणजे शेवटच्या खेपेचा केक जाणूनबुजून बसका करणे होय. कोरड्या जिनसांच्या पुड्या आधी तोलून ठेवाव्यात. ओले मिश्रण मात्र खेपेखेपेस करावे.

वाटी दोन-तृतीयांशापर्यंत भरावी, आणि चमच्याच्या अंदाजाने न भरता काट्यावर भरावी. वरील मिश्रणाचे प्रत्येक वाटीत ५८ ग्रॅम येतात. एका वाटीत ५० व दुसरीत ६५ ग्रॅम पडल्यास पहिला केक सुकेपर्यंत दुसरा कच्चा राहतो. शिवाय एकाच किमतीस लहान-मोठा माल पाहून गिऱ्हाईक नाराज होते. मिश्रण कमी पडून काही वाट्या रिकाम्या राहिल्या, तर त्यांस तेल लावू नये. ते जळून चिकट थर बसतो व पुढे तो निघत नाही.

भट्टीतील मांडणी

साचा भट्टीच्या मधल्या कप्प्यात ठेवावा, व त्याच्या चारी बाजूंस दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा राहू द्यावी. साचा भिंतीस टेकला की तेथील वाट्या आधी करपतात व हवेचा मार्गही बंद होतो. बहुतेक घरगुती भट्ट्यांत मागील बाजू अधिक तापते. यास्तव वेळेचे दोन हिस्से झाल्यावर साचा पुढचा मागे फिरवावा. त्याआधी दार उघडू नये, कारण केक अजून घट्ट झालेला नसतो व थंड हवेने तो मध्ये खचतो. मध्यभागी काडी खुपसून ती कोरडी निघाली म्हणजे केक झाला असे समजावे.

बिडाखेरीज इतर साच्यांत केक पाच मिनिटे राहू द्यावा, म्हणजे तो आवळून कडेपासून सुटतो. त्याहून फार वेळ ठेवल्यास आतली वाफ तळाशी निवून पाणी होते व केक ओला पडतो. म्हणून नंतर जाळीवर काढावा आणि पूर्ण निवल्याखेरीज डब्यात बंद करू नये. कोंडलेल्या वाफेने बुरशी लवकर धरते.

हिशेब

आता पैशाची बाजू पाहू. एका साच्यावर काम करणाऱ्या बाईस भरणे, भाजणे, निववणे व साचा पुसणे मिळून एका खेपेस सुमारे ४० मिनिटे लागतात. तीन तासांत तिच्या चारच खेपा होतात, म्हणजे ४८ केक. तेवढ्याच वेळात भट्टी निम्मा वेळ रिकामी तापत असते, आणि विजेचे किंवा गॅसचे पैसे मात्र पुरते द्यावे लागतात. तोच तिच्याजवळ एकसारखे दोन साचे असतील, तर एक भट्टीत असता दुसरा निवतो व भरला जातो. मग दर २५ मिनिटांस एक खेप निघते. तीन तासांत सात खेपा, म्हणजे ८४ केक. दुसऱ्या साच्याची किंमत अशा रीतीने थोड्याच दिवसांत भरून येते.

मात्र हे दोन साचे खरोखर एकसारखे असावेत. माप तेच, धातू तोच, रंगही तोच. एक फिका व एक काळा घेतल्यास प्रत्येक खेपेस उष्णता व वेळ बदलावी लागते, आणि घाईत ते विसरून माल बिघडतो. बारांपैकी दोन केक करपले तर मालाचा सहावा हिस्सा गेला. ज्या धंद्यात नफा सहाव्या हिश्श्याइतकाच आहे, तेथे त्या दोन केकांबरोबर त्या दिवसाची सारी मेहनतही गेली, हे ध्यानात ठेवावे. बचत गटाचा सामायिक पैसा खर्च करताना तर हा विचार अवश्य व्हावा. कारण तेथे एका बाईची चूक दहा जणींच्या हिश्श्यातून वजा होते.

सारांश, प्रथम घरच्या वाट्यांत प्रयोग करावा. माल खपतो अशी खात्री झाल्यावर मधल्या मापाचे, जाड पत्र्याचे, फिक्या ॲल्युमिनियमचे दोन सारखे साचे घ्यावेत. ते आपल्या भट्टीत किती अंशांवर व किती मिनिटांत नीट भाजतात, हे पहिल्या पाच खेपांत टिपून ठेवावे व तो कागद भट्टीजवळच लावून टाकावा. साचा, भट्टी किंवा मिश्रण यांपैकी काहीही बदलल्यास तो कागद रद्द समजून टिपण पुन्हा करावे. शेतकरी बियाणे बदलले की पेरणीचे अंतर व खताचे प्रमाण नव्याने ठरवितो. साचा बदलणारणीनेही त्याच न्यायाने वागावे, म्हणजे घरच्या ज्वारीचा व संत्र्याचा पैसा भट्टीत जळणार नाही.